भिंगविरूपण व त्याचे शुद्धीकरण

भिंगातून मिळणाऱ्या प्रतिमेत मूळ वस्तूतील सरळ रेषा वक्र उमटतात, त्या दोषास भिंगविरूपण किंवा नुसते विरूपण असे म्हणतात. मोठा दृश्यकोन असलेल्या, म्हणजेच विशालकोनी, भिंगांत हा दोष ठळकपणे दिसून येतो. नांदेड जिल्ह्यातील उमरी या सिकंदराबाद–मनमाड लोहमार्गावरील स्थानकात फलाटावर उभे राहून विशालकोनी भिंगाच्या कॅमेऱ्याने समोरचे रूळ आडवे टिपले, तर चित्राच्या खालच्या कडेजवळ रूळ धनुष्यासारखे वाकलेले व कडेचे खांब मधल्या भागी बाहेर फुगलेले दिसतात. प्रतिमा अस्पष्ट नसते. तिच्यातील प्रत्येक तपशील रेखीव असतो, परंतु तो आपल्या जागी नसतो. चित्र केवळ पाहावयाचे असेल, तर एवढ्याने फारसे बिघडत नाही. मात्र त्याच चित्रावरून अंतर मोजावयाचे, घराची हद्द ठरवावयाची किंवा घटनेचा पुरावा द्यावयाचा असेल, तर जागा सोडलेला बिंदू चुकीची साक्ष देतो. या दोषाच्या निवारणाचा इतिहास सु. दोनशे वर्षांचा आहे. प्रथम काचेच्या घडणीने, नंतर यांत्रिक युक्तीने आणि शेवटी गणिताने तो दूर करण्याचे प्रयत्न झाले.

स्वरूप व कारण : भिंगाचे विवर्धन प्रतिमाक्षेत्राच्या मध्यापासून कडेपर्यंत सर्वत्र सारखे नसणे, हे विरूपणाचे कारण होय. मध्यापासून दूर जाताना विवर्धन कमी होत गेल्यास चौकोनी जाळीच्या बाजू बाहेर फुगतात. यास पिंपाकृती विरूपण म्हणतात. विवर्धन वाढत गेल्यास बाजू आत दबतात व कोपरे बाहेर ताणले जातात. टाचण्या टोचून ठेवण्याच्या उशीसारखा हा आकार असल्याने यास उशीसारखे विरूपण म्हणतात. काही भिंगांत मध्याजवळ पहिला व कडेजवळ दुसरा प्रकार आढळतो आणि सरळ रेषा मिशीच्या आकड्यांसारखी लहरते. एकेरी बहिर्गोल भिंगाच्या पुढे प्रकाश मर्यादित करणारे छिद्रपटल ठेवल्यास पिंपाकृती आणि मागे ठेवल्यास उशीसारखे विरूपण निर्माण होते. यावरून विरूपण केवळ काचेच्या आकारावर नव्हे, तर प्रकाशकिरण भिंगाच्या कोणत्या भागातून जातात यावरही अवलंबून असते, हे स्पष्ट होते. अतिसूक्ष्म छिद्राच्या भिंगरहित कॅमेऱ्यात किरण वळतच नाहीत. म्हणून तेथे विरूपण नसते. मात्र प्रकाश अत्यल्प मिळत असल्याने प्रतिमा टिपण्यास फार वेळ लागतो.

विरूपण आणि यथादर्शन यांत गल्लत होण्याचा संभव असतो. कॅमेरा वर कलवून देवळापुढील दीपमाळ टिपल्यास तिच्या कडा वर एकमेकींजवळ येतात. परंतु त्या सरळच राहतात. तसेच अगदी जवळून टिपलेल्या चेहऱ्यावर नाक मोठे दिसते. हे दोन्ही परिणाम कॅमेरा कोठे व कसा धरला यामुळे घडतात, भिंगामुळे नव्हे. सरळ रेषा सरळ राहिली की नाही, ही विरूपण ओळखण्याची खरी कसोटी होय.

भिंगांच्या रचनेचा इतिहास : १८१२ मध्ये इंग्लंडमधील विल्यम हाइड वुलस्टन (१७६६–१८२८) यांनी कोरीच्या चंद्रासारखे, एका बाजूने अंतर्गोल व दुसऱ्या बाजूने बहिर्गोल असे भिंग प्रतिमापेटीसाठी वापरले आणि कडेपर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट प्रतिमा मिळविली. १८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली [⟶ छायाचित्रण]. तिच्या आरंभीच्या काळात मुख्य अडचण प्रकाशाची होती. योझेफ पेट्सव्हाल (१८०७–९१) यांनी १८४० मध्ये गणिताने आखलेले व्यक्तिचित्रणाचे भिंग पुष्कळ प्रकाश आत घेई. परंतु त्याचे उपयुक्त क्षेत्र अरुंद होते. इमारती, रस्ते व डोंगर यांच्या चित्रणास ते अपुरे पडे.

१८५६–५७ च्या सुमारास जर्मन गणितज्ञ लूटव्हिख फोन झायडेल (१८२१–९६) यांनी भिंगाच्या एकवर्णी दोषांचे गणिती विश्लेषण करून त्यांचे पाच प्रकार दाखविले. गोलीय विपथन, कोमा, अबिंदुकता, प्रतिमाक्षेत्राची वक्रता आणि विरूपण हे ते पाच दोष होत. पहिले चार दोष प्रतिमेची स्पष्टता कमी करतात अथवा स्पष्ट प्रतिमा सपाट पडद्यावरून ढळवितात. पाचवा दोष बिंदूची केवळ जागा बदलतो. विरूपणाचा पुढील सर्व इतिहास या भेदावर उभा आहे. अस्पष्ट झालेला तपशील परत मिळविणे फार अवघड असते. स्थानभ्रष्ट बिंदू मात्र त्याच्या स्थलांतराचा नियम कळल्यास मूळ जागी नेता येतो.

१८६६ मध्ये जर्मनीत हूगो आडोल्फ श्टाइनहाइल (१८३२–९३) आणि इंग्लंडमध्ये जॉन हेन्री डालमायर (१८३०–८३) यांनी परस्परांहून स्वतंत्रपणे जवळजवळ एकाच रचनेची भिंगे सिद्ध केली. त्यांत सारख्याच घडणीचे दोन भाग समोरासमोर ठेवून मध्ये छिद्रपटल बसविलेले असे. पुढच्या भागाने निर्माण केलेले विरूपण मागचा भाग विरुद्ध दिशेने नाहीसे करी. डालमायर यांच्या भिंगाच्या नावातच सरळ रेषा राखण्याचा गुण नोंदलेला होता. वस्तू व प्रतिमा समान आकाराच्या असताना हे निवारण पूर्ण होते. दूरच्या दृश्यांतही थोडेच विरूपण उरते. १९०० मध्ये एमिल फोन ह्यॉग यांनी याच समतोलाच्या तत्त्वावर ‘हायपरगॉन’ हे भिंग रचले. जवळजवळ अर्धगोलाकार अशा दोन पातळ भिंगांच्या या जोडीने सु. १३५° चे क्षेत्र सरळ रेषांसह टिपता येई. परंतु कडेला प्रकाश फारच कमी पडे. म्हणून मध्यावरचा प्रकाश काही वेळ अडविण्यासाठी हवेच्या झोताने फिरणारी दातेरी चकती भिंगापुढे बसवावी लागे. एक दोष घालविताना दुसरा पत्करावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

याउलट, विरूपण मुद्दाम स्वीकारून संपूर्ण आकाश एका चित्रात आणण्याचा विचारही याच काळात पुढे आला. अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड (१८६८–१९५५) यांनी १९०६ मध्ये पाण्याखालील माशाला वरचे जग कसे दिसत असेल, हे पाण्याने भरलेल्या कॅमेऱ्याच्या साहाय्याने दाखविले. ‘मत्स्यनेत्री’ भिंग हे नाव त्यावरून रूढ झाले. पुढे अशी भिंगे ढगांच्या निरीक्षणासाठी वापरली गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यांचा प्रसार झाला आणि भिंग व फिल्म यांमध्ये हलत्या आरशासाठी जागा सोडणे आवश्यक ठरले. त्यासाठी १९५० च्या सुमारास फ्रान्समधील प्येर आंझेन्यू यांनी पुढे अपसारी व मागे अभिसारी भाग असलेले विशालकोनी भिंग बाजारात आणले. या रचनेत पुढच्या व मागच्या भागांतील समतोल मोडल्याने पिंपाकृती विरूपण पुन्हा डोके वर काढते. पुढील काळातील व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या विशालकोनी भिंगांनीही बहुधा हीच रचना स्वीकारली.

मापनासाठी छायाचित्र : छायाचित्रावरून मोजणी करण्याच्या शास्त्रास छायाचित्रमापन म्हणतात. फ्रान्समध्ये एमे लोसदा (१८१९–१९०७) आणि जर्मनीत आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर (१८३४–१९२१) हे त्याचे आद्य प्रवर्तक होत. मायडेनबाउअर १८५८ मध्ये व्हेत्सलार येथील कॅथीड्रलची मोजणी करताना उंचावरून पडता पडता वाचले. इमारतीवर चढून मोजण्याऐवजी तिच्या छायाचित्रावर मोजता येईल, ही कल्पना त्यांना या प्रसंगातून सुचली. अशा मोजणीत विरूपणाचे मूल्य प्रत्यक्ष अंतरात द्यावे लागते. म्हणून येथे त्याचा विचार अधिक काटेकोरपणे झाला.

इटालियन अभियंते इन्यात्स्यो पोरो (१८०१–७५) आणि जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोपे (१८४४–१९१०) यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ज्या भिंगाने छायाचित्र घेतले, त्याच भिंगातून ते छायाचित्र उलट दिशेने पाहिल्यास बाहेर पडणारे किरण मूळ दिशांनाच जातात व विरूपण आपोआप नाहीसे होते. यात भिंग निर्दोष असण्याची आवश्यकता नसते. तोच दोष जाताना व येताना सारखा असला म्हणजे पुरे. आजच्या संगणकीय शुद्धीकरणाचे बीज याच तत्त्वात आहे. फरक एवढाच की, परतीच्या वाटेवर काचेच्या भिंगाऐवजी त्या भिंगाचे गणिती वर्णन ठेवलेले असते. विसाव्या शतकात हवाई सर्वेक्षणासाठी रोबेर्ट रिख्टर यांचे ‘टोपोगॉन’ (१९३३) व लूटव्हिख बेर्टेले (१९००–८५) यांचे ‘आव्हिओगॉन’ ही अत्यल्प विरूपणाची विशालकोनी भिंगे तयार झाली. तरीही उरलेले विरूपण प्रत्येक भिंगासाठी मोजून त्याचा तक्ता कॅमेऱ्याबरोबर देण्याचा प्रघात पडला.

महाराष्ट्रात विशालकोनी चित्रणाची गरज लेण्यांनी लवकर जाणवून दिली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम १८४४ पासून करणारे रॉबर्ट गिल (मृत्यू १८७९) यांनी पुढे लेण्यांची व इतर वास्तूंची द्विनेत्री छायाचित्रे घेतली व ती १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या रंगीत नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. मूळ वस्तू वा तिची नक्कल नाहीशी होण्याचा धोका असला की, छायाचित्र हाच दस्तऐवज ठरतो. लेण्यांतील मंडपात मात्र मागे सरकण्यास जागा नसते आणि संपूर्ण भिंत टिपण्यासाठी विशालकोनी भिंग घ्यावे लागते. अशा वेळी स्तंभांच्या रांगा वाकड्या उमटल्या, तर दगडातील खरा बाक कोणता व भिंगाने आणलेला बाक कोणता, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही.

चित्रपट व दूरचित्रवाणी : चित्रपटात रुंद पडद्याच्या आगमनाने विरूपणाचा प्रश्न निराळ्या रूपात पुढे आला. आंरी क्रेत्यँ (१८७९–१९५६) यांनी १९२० नंतरच्या दशकात तयार केलेल्या भिंगाने दृश्य आडव्या दिशेने निम्मे आकसून फिल्मवर टिपले जाई आणि दाखविताना तेवढेच पसरविले जाई. यावर आधारलेली सिनेमास्कोप पद्धती १९५३ मध्ये अमेरिकेत पडद्यावर आली. आरंभीच्या भिंगांत आकसण्याचे प्रमाण जवळच्या वस्तूंसाठी कमी होई, पण पसरविण्याचे प्रमाण कायम राही; परिणामी जवळून घेतलेले चेहरे गालगुंड झाल्यासारखे सुजलेले दिसत. पुढे भिंगाची रचना सुधारून हा दोष काढण्यात आला. गुरुदत्त (१९२५–६४) यांचा मुंबईत निर्माण झालेला व व्ही. के. मूर्ती (१९२३–२०१४) यांनी चित्रित केलेला कागज के फूल (१९५९) हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट होय. जाणूनबुजून केलेले विरूपण आणि त्याचे तंतोतंत निरसन यांवर संपूर्ण चित्रपटाची दृश्यरचना आधारलेली असण्याचे ते आपल्याकडील पहिले उदाहरण ठरते.

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळच्या दूरचित्रवाणी संचातील चित्र इलेक्ट्रॉन शलाकेने पडद्यावर रेखाटले जाई. शलाका एका बिंदूभोवती वळत असल्याने आणि पडदा त्या मानाने सपाट असल्याने कोपऱ्यांकडे चित्र अधिक ताणले जाई. या उशीसारख्या विरूपणावर नळीच्या मानेजवळ लहान चुंबके बसवून अथवा वळविणाऱ्या वेटोळ्यातील प्रवाहाला योग्य आकार देऊन उपाय करीत. येथे दोष भिंगाचा नसून विद्युतीय रेखाटनाचा असला, तरी भूमिती तीच होती आणि शुद्धीकरण चित्र दिसत असतानाच घडत होते.

गणिती शुद्धीकरण : अवकाशयानांवरील दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांनी हा प्रश्न संगणकाकडे सोपविला. मरिनर मालिकेतील यानांच्या कॅमेरानळ्यांच्या दर्शनी काचेवर ज्ञात अंतरांवर बारीक खुणा कोरलेल्या असत. पृथ्वीवर आलेल्या चित्रात या खुणा कोठे सरकल्या, हे पाहून उरलेले बिंदू संगणकाने जागेवर नेले जात. ७ जून १९७९ रोजी सोडलेल्या भास्कर–१ या भारतीय उपग्रहावरही भूनिरीक्षणासाठी दोन दूरचित्रवाणी कॅमेरे होते. अशा चित्रांचे भूमितीय शुद्धीकरण केल्याखेरीज ती नकाशावर बसविता येत नाहीत.

भिंगाच्या विरूपणाचे आज सर्वत्र रूढ असलेले सूत्र अमेरिकन छायाचित्रमापनतज्ञ ड्वेन ब्राउन यांच्या कार्याशी निगडित आहे. प्रक्षेपणास्त्रांचा मागोवा घेणाऱ्या कॅमेऱ्यांवर काम करताना त्यांनी १९६६ मध्ये भिंगाचे घटक एका अक्षावर नेमके न बसल्यामुळे येणाऱ्या विरूपणाचे विवेचन केले. १९७१ मध्ये त्यांनी मांडलेली पद्धती ओळंब्याची आहे. काळ्या पार्श्वभूमीपुढे ओळंबे बांधलेले पांढरे दोरे सोडून त्यांचे छायाचित्र घ्यावयाचे, मग कॅमेरा ९०° फिरवून पुन्हा घ्यावयाचे. ओळंब्याचा दोरा सरळ असतो, याविषयी शंका नसते; चित्रात तो जेवढा वाकला, तेवढा दोष भिंगाचा. सर्व दोरे एकाच वेळी सरळ होतील अशा रीतीने सूत्रातील स्थिरांक काढले की, त्या भिंगाचा नियम हाती येतो. हा नियम सोपा आहे. बिंदूचे स्थलांतर चित्रमध्यापासूनच्या त्याच्या अंतराच्या प्रामुख्याने तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते व अधिक अचूकतेसाठी पाचव्या, सातव्या घातांची पदे जोडतात. म्हणजे मध्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, तर मुख्य पदामुळे होणारे स्थलांतर आठपट होते. कडेचा बाक डोळ्यात भरतो आणि मध्य निर्दोष वाटतो, तो यामुळेच. गवंडी ज्या साधनाने भिंत पारखतो, त्यानेच भिंग पारखावे, यात या पद्धतीचे सामर्थ्य आहे.

रॉजर त्साय यांनी १९८७ मध्ये यंत्रदृष्टीसाठी कॅमेऱ्याच्या अंशशोधनाची, म्हणजे त्याचे भूमितीय गुणधर्म मोजून निश्चित करण्याची, पद्धती दिली. जंगयू जांग यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत बुद्धिबळाच्या पटासारखा काळ्यापांढऱ्या चौकटींचा सपाट कागद वेगवेगळ्या कोनांतून टिपला की काम भागते. महागड्या प्रयोगशाळेची गरज संपल्याने अंशशोधन विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आले. २००८ पासून काही कॅमेऱ्यांत विरूपणाचे स्थिरांक चित्राबरोबरच साठविले जाऊ लागले आणि भिंगाची रचना करतानाच उरलेला दोष गणिताने काढण्याचे गृहीत धरण्यात आले.

व्हिडिओचित्रणातील शुद्धीकरण : व्हिडिओचे शुद्धीकरण हे स्थिरचित्राच्या शुद्धीकरणाचीच सलग आवृत्ती होय. शुद्ध चित्रातील प्रत्येक चित्रबिंदू मूळ चित्रात कोठे पडला होता, हे सूत्राने काढतात आणि तेथील शेजारच्या चार किंवा अधिक बिंदूंवरून त्याचे मूल्य ठरवितात. मुद्दाम उलट दिशेने जाण्याचे कारण असे की, मूळ बिंदू पुढे ढकलत गेल्यास नव्या चित्रात मध्ये मध्ये रिकाम्या जागा राहतात. १९२० × १०८० बिंदूंच्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. सेकंदाला २५ चित्रे धरल्यास दर सेकंदाला ५ कोटी १८ लक्षांहून अधिक बिंदू हलवावे लागतात. परंतु भिंग व त्याचे केंद्रांतर बदलत नसेल, तर स्थलांतराचा तक्ता एकदाच तयार करून तो प्रत्येक चित्रास लावता येतो. यामुळेच स्थिर केंद्रांतराच्या कृति-कॅमेऱ्यांच्या व ड्रोनच्या चित्रणाचे शुद्धीकरण तुलनेने सुलभ ठरते.

या कामी काही दक्षता आवश्यक असतात. पुष्कळ कॅमेरे व्हिडिओसाठी संवेदकाचा काही भागच वापरतात. त्यामुळे स्थिरचित्रासाठी काढलेले स्थिरांक व्हिडिओस जसेच्या तसे लागू पडत नाहीत. केंद्रांतर बदलणाऱ्या भिंगास प्रत्येक स्थितीसाठी वेगळे स्थिरांक लागतात. संवेदकाच्या ओळी एकामागून एक वाचल्या जात असतील, तर कॅमेरा वेगाने हलताना उभ्या रेषा तिरप्या होतात. हा दोष काळाचा असून भिंगाच्या सूत्राने तो जात नाही. चित्रण स्थिर करण्याची प्रक्रिया कॅमेऱ्याने आधीच केली असेल, तर विरूपणाचा मध्य चित्रागणिक सरकतो व एकच तक्ता निरुपयोगी ठरतो. चित्रपटातील विशेष दृश्यपरिणामांत प्रथम मूळ दृश्य सरळ करतात, त्यात संगणकनिर्मित भाग जोडतात आणि शेवटी मूळ भिंगाचे विरूपण संपूर्ण दृश्यास पुन्हा देतात. जोडकाम उघडे पडू नये म्हणून दोष परत आणण्याची ही रीत पोरो–कोपे तत्त्वाचेच दुसरे अंग आहे.

गावठाणांची मोजणी : ग्रामीण महाराष्ट्रात या शास्त्राचा सर्वांत निकटचा संबंध घराच्या हद्दीशी आला. शेतजमिनीची मोजणी व नोंद पूर्वीपासून होत असली, तरी बहुतेक लहान गावांत गावठाणाची केवळ बाह्य हद्द नकाशावर असे. आतील घरांची स्वतंत्र मोजणी झालेली नसे. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करण्याचे ठरविले आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाची स्वामित्व योजना सुरू झाली. या पद्धतीत घरांच्या हद्दी प्रथम चुन्याने आखतात. ड्रोन वरून परस्परव्यापी छायाचित्रे घेतो. भूमीवरील ज्ञात स्थानांच्या आधारे ती जुळवून १:५०० प्रमाणाचा नकाशा करतात आणि त्यावरून घरमालकास मालमत्ता पत्रक मिळते. वारसाहक्क, खरेदीविक्री व कर्ज या सर्व व्यवहारांत या पत्रकाचा आधार घेतला जातो.

येथे विरूपणाचा अर्थ प्रत्यक्ष फुटांत मोजता येतो. समजा, उमरी तालुक्यातील एखाद्या गावावर ड्रोन अशा उंचीवर आहे की, चित्रातील एका बिंदूत भूमीचे ३ सेंमी. मावतात. चित्राच्या कडेला शुद्ध न केलेले २० बिंदूंचे स्थलांतर राहिले, तर ते जमिनीवर ६० सेंमी., म्हणजे सु. दोन फूट होते. मराठवाड्यातील जुन्या वस्तीत माळवदाची घरे दाटीने उभी असतात आणि दोन घरांमधील बोळ कित्येकदा चार फुटांचाच असतो. दोन फुटांची चूक म्हणजे अर्धा बोळ एकाच्या घरात जाणे होय. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचे स्थिरांक परस्परव्यापी छायाचित्रांतूनच पुन्हा काढण्यात येतात आणि भूमीवरील खुणांशी निष्कर्ष पडताळतात. छपराची कड व भिंतीचा पाया यांतील अंतर मात्र यथादर्शनामुळे पडते. कॅमेऱ्याला छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. हा फरक भिंगाच्या शुद्धीकरणाने जात नसल्याने जागेवरील चौकशी व हरकतींची सुनावणी यांना पर्याय नाही.

विरूपणाचे स्थिरांक थोडे चुकल्यास उंचीच्या मापनातही विशिष्ट दोष येतो. केवळ सरळ खाली पाहणाऱ्या छायाचित्रांवरून तयार केलेल्या प्रतिरूपात सपाट भूमी मध्ये घुमटासारखी फुगते किंवा परातीसारखी खोलावते. हे माइक जेम्स व स्ट्यूअर्ट रॉबसन यांनी २०१४ मध्ये सविस्तर दाखविले. गोदावरीच्या खोऱ्यातील सपाट काळ्या रानात पाण्याचा उतार मुळातच अल्प असतो. तेथे असा कृत्रिम फुगवटा नाल्याची दिशा किंवा बांधाची जागा चुकवू शकतो. काही छायाचित्रे तिरप्या कोनातून घेणे व भूमीवरील पडताळणीबिंदू संपूर्ण क्षेत्रात विखुरलेले ठेवणे, हे त्यावरील उपाय होत.

शुद्धीकरणाच्या मर्यादा : सरळ रेषा सरळ ठेवणारे चित्र सर्वार्थाने निर्दोष असते, असे नाही. अशा चित्रात अक्षापासून ४५° वरील वस्तू मध्याच्या तुलनेने बाहेरच्या दिशेने दुप्पट व आडव्या दिशेने सु. १·४ पट मोठी होते. ६०° वर हीच प्रमाणे चौपट व दुप्पट होतात. ९०° वरील बिंदू तर अनंत अंतरावर जातो. त्यामुळे मत्स्यनेत्री भिंगाचे संपूर्ण क्षेत्र सरळ रेषांच्या एका सपाट चित्रात मावतच नाही. समूहचित्रात कडेला उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे रुंदावतात ते याच कारणाने. २०१९ मध्ये गूगलच्या संशोधकांनी चेहऱ्यांपुरते एक आणि पार्श्वभूमीसाठी दुसरे प्रक्षेपण वापरणारी पद्धती प्रसिद्ध केली. तीत चेहरे स्वाभाविक दिसतात; परंतु संपूर्ण चित्रास एकच मोजमाप लागू राहत नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना नकाशाकारास आकार, अंतर व क्षेत्रफळ यांपैकी काय राखावयाचे ते ठरवावे लागते. तीच निवड येथेही करावी लागते. याखेरीज ताणलेल्या कडांना नवा तपशील मिळत नाही, त्या केवळ पसरतात. आणि आयताकृती चौकट राखण्यासाठी कडेचा काही भाग कापावा लागतो.

पुराव्याच्या दृष्टीने हा कापलेला भागही महत्त्वाचा असू शकतो. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. चौकातील कॅमेऱ्याच्या चित्रणावरून वाहनाचा वेग किंवा दोन व्यक्तींमधील अंतर काढावयाचे असेल, तर विरूपणाचे शुद्धीकरण अटळ असते. परंतु ते प्रतीवर करून मूळ चित्रण अबाधित ठेवणे आणि वापरलेले स्थिरांक नोंदविणे आवश्यक ठरते. तसे केल्यास दुसऱ्या तज्ञास तीच क्रिया पुन्हा करून निष्कर्ष तपासता येतो.

भिंगविरूपणाच्या इतिहासात काचेचा कारागीर, सर्वेक्षक व गणितज्ञ यांनी क्रमाक्रमाने भर घातली. दोष पूर्णतः टाळण्यापेक्षा त्याचा नियम जाणून तो मोजणे अधिक व्यवहार्य आहे, हा त्यातून निघणारा निष्कर्ष होय. मात्र चित्र डोळ्यांना सरळ दिसू लागले म्हणजे ते अचूक झाले, असे मानता येत नाही. ते कोणत्या भिंगाच्या कोणत्या स्थिरांकांनी सरळ केले आणि भूमीवरील कोणत्या ज्ञात खुणेशी पडताळले, यावरच त्याची विश्वसनीयता अवलंबून असते. ओळंब्याचा दोरा, बुद्धिबळाचा पट व अंगणातील चुन्याची रेषा यांचे या शास्त्रातील स्थान यामुळेच अढळ राहिले आहे.